दोन हजार मैल आणि एक कुकर

शिडाच्या बोटीवर केळ्यांचा अख्खा घड घेऊ नये. बंदराच्या बाजारात तो हिरवागार आणि स्वस्त असतो, मागच्या रेलिंगला टांगला की फोटोत तर फारच भारी दिसतो, आणि मग आठवडाभराने एका सकाळी सगळीच्या सगळी केळी एकदम पिकतात. माणसं चार, फ्रीज नावापुरता, बाहेर अठ्ठावीस डिग्री. मग दूध पावडरचं शिकरण, केळ्याचे पॅनकेक, केळ्याचा ब्रेड, केळं नुसतं, केळं पीनट बटर लावून, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्यातला सगळ्यात खादाड माणूस, फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातला एक पंचविशीतला पोरगा, समोर आलेली ताटली बघून काही न बोलता उठला आणि पुढे डेकवर जाऊन बसला. जुने खलाशी बोटीवर केळी अपशकुनी मानतात. मला त्यात आता फारशी अंधश्रद्धा वाटत नाही.

हे आधी सांगितलं कारण अटलांटिक पार केला म्हटलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. वादळ लागलं का, शार्क दिसला का, रात्री नांगर कुठे टाकता. (नांगर टाकत नाहीत हो, खाली तीन ते पाच किलोमीटर पाणी आहे, बोट रात्रभर चालूच असते.) केळ्यांचं कोणी विचारत नाही, अंडी कशी टिकवली ते विचारत नाही, आणि माझं तर आता ठाम मत झालंय की छोट्या बोटीने महासागर पार करणं यात शौर्य थोडं आणि घर चालवणं जास्त. फक्त ते घर ओलं असतं, हलत असतं आणि दोन-अडीच आठवडे खाली वाण्याकडे जाता येत नाही.

मी मूळची सांगलीची, राहते रॉटरडॅमला, नोकरी आयटीतली. हॉलंडमध्ये शिडाच्या बोटी म्हणजे आपल्याकडे जशा सायकली तशा नसल्या तरी बऱ्यापैकी सामान्य गोष्ट आहे, तिथे तलावांवर आणि किनाऱ्याच्या आतल्या पाण्यात शिकले, आणि ओळखीच्या एका रिटायर्ड जोडप्याला त्यांच्या ३८ फुटी बोटीवर क्रू हवा होता तेव्हा मी हात वर केला. ऑफिसात सुट्टी मागताना 'मी डिसेंबरात नेमकी कधी पोचेन ते सांगता येणार नाही, कदाचित जानेवारी' हे वाक्य बोलायला लागलं, ते मात्र समुद्रापेक्षा अवघड होतं.

मार्ग अगदी नेहमीचा. कॅनरी बेटांवरून खाली दक्षिणेला आफ्रिकेच्या पश्चिमेकडची केप व्हर्द बेटं, तिथल्या साओ व्हिसेंते बेटावरचं मिंडेलो बंदर, आणि तिथून पश्चिमेला कॅरिबियनमधलं बार्बाडोस. शेवटचा टप्पा साधारण दोन हजार नॉटिकल मैलांचा, म्हणजे ३७०० किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये काहीही नाही, टेकायला एक खडकसुद्धा नाही. कोलंबस १४९२ च्या सप्टेंबरात कॅनरीमधल्या ला गोमेरा बेटावरून निघाला तोही याच वाऱ्यांच्या जोरावर. शाळेत भूगोलाच्या पेपरात आपण ईशान्येकडून बाण काढून दाखवायचो ना, व्यापारी वारे, तेच हे. जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा सीझन, म्हणून छोट्या बोटी नोव्हेंबर संपता संपता निघायला लागतात, आणि डिसेंबर-जानेवारीत वारा पंधरा ते पंचवीस नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) मध्ये कुठेतरी नीट स्थिरावतो. वारा मागून, लाटा मागून, ऊन डोक्यावर. कागदावर याच्याहून सोपा समुद्र नाही.

प्रत्यक्षात वारा पाठीमागून असला की बोट डोलते. बाजूने वारा असेल तर ती एका अंगावर कलते आणि तशीच टेकून राहते, आपणही मग त्या हिशोबाने तिरकं जगायला शिकतो. मागून वारा म्हणजे तिला धरायला कोणीच नाही, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, दर काही सेकंदांनी, दिवसरात्र, आणि आत आपण बरणीतल्या चिंचोक्यासारखे. ग्लास ठेवला की गेला. पेन ठेवलं की गेलं. पहिले दोन-तीन दिवस नुसतं पडून राहावंसं वाटतं, जेवणाचा वास नको, खाली केबिनमध्ये जाणं नको, आणि मी सांगलीहून आणलेल्या आलेपाकाच्या वड्या डच लोकांनी आधी संशयाने आणि मग एकमेकांवर लक्ष ठेवून खाल्ल्या.

बोटीवरची शेगडी दोन बाजूंना बिजागरीवर टांगलेली असते. बोट कितीही कलली तरी ती आपली सपाट राहते, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं शेगडी झोके घेतेय, पण खरं तर तीच एकटी जागेवर असते, झोके आपण घेत असतो. बर्नरवर भांडं पकडून ठेवायला स्क्रूचे चिमटे. स्वयंपाक करणाऱ्याच्या कमरेला मागून एक रुंद पट्टा, दोन्ही बाजूंनी हुकात अडकवलेला, की तुम्ही मागे पडणार नाही. आणि स्किपरच्या, म्हणजे त्या जोडप्यातल्या कप्तानाच्या, बायकोचा नियम असा होता की उकळतं काही असेल तर रेनकोटची जाड पँट घालूनच उभं राहायचं, मग बाहेर कितीही उकडत असो, कारण उकळतं पाणी मांडीवर सांडलं तर सगळ्यात जवळचं हॉस्पिटल हजार मैलांवर आहे. तर अशी मी, प्लॅस्टिकची पँट घालून, पट्ट्याने बांधलेली, घामाने निथळत, चार कप चहा करतेय. आलं किसायला दोन हात लागतात, आणि दोन हात कधीच मोकळे नसतात, एक हात आपला आणि एक बोटीचा हा तिथला पहिला धडा. मग आलं किसायचं नाही, ठेचायचं नाही, सरळ कात्रीने कापून टाकायचं. कप ओट्यावर ठेवायचे नाहीत, सिंकमध्ये ठेवायचे, तिथेच भरायचे, म्हणजे सांडलं तरी जिथे जायचं तिथेच जातं. चहाला पंचवीस मिनिटं. पण काय चव लागते म्हणून सांगू.

मी माझा तीन लिटरचा कुकर नेला होता. बोटवाल्या लोकांमध्ये प्रेशर कुकरला तसाही मान आहे, झाकण लॉक होतं त्यामुळे उपडा झाला तरी खिचडी कुकरमध्येच राहते, आणि गॅस कमी लागतो. पण युरोपातले कुकर शिट्टी मारत नाहीत, नुसते हळूच फुसफुसतात. पहिल्यांदा मी डाळ-तांदूळ लावला तेव्हा स्किपर झोपला होता, रात्रीची पाळी करून. शिट्टी झाली आणि तो माणूस उडी मारून उठला, डोळे अर्धे मिटलेले, इंजिनरूमचं झाकण उघडलं, गॅसचा अलार्म बघितला, तळाशी पाणी शिरलंय का म्हणून फळी उचलली, आणि मी आपली 'भात आहे, भात' म्हणत पट्ट्यात अडकून उभी. त्यानंतर कायदा झाला. शिट्टी व्हायच्या आत आच बारीक करायची, आणि कोणी झोपलं असेल तर कुकर लावायच्या आधी त्याच्या कानाशी जाऊन सांगायचं. झोपलेल्या माणसाला उठवून सांगायचं की आता आवाज होईल, दचकू नकोस. असो.

भाज्यांचं एक वेगळंच शास्त्र आहे. कोबी सगळ्यात इमानी, फक्त सुरीने कापायचा नाही, वरून एकेक पान सोलून घ्यायचं, म्हणजे उरलेला टिकतो. कांदे आणि बटाटे एका जाळीत ठेवायचे नाहीत, एकमेकांच्या संगतीने बिघडतात. टोमॅटो कच्चेच घ्यायचे आणि कागदात गुंडाळून अंधारात. अंडी आधी फ्रीजमध्ये न ठेवलेली शोधून आणायची आणि दर एक-दोन दिवसांनी उलटी करायची, की आतला बलक एका बाजूला चिकटत नाही. आणि पुठ्ठ्याचा एकही खोका बोटीवर चढवायचा नाही, त्या पन्हाळ्या-पन्हाळ्यांमध्ये झुरळांची अंडी असतात, सगळं धक्क्यावरच काढून, पुसून, मग आत. हे सगळं स्किपरच्या बायकोच्या वहीत असायचं. जाड पुठ्ठ्याची साधी वही. 'चणे, ६ डबे, उजवीकडच्या सीटखाली, पुढून दुसरा कप्पा.' एक डबा काढला की तिथे जाऊन काट मारायची. स्किपरकडे समुद्राचे नकाशे होते, कागदी पण आणि स्क्रीनवर पण, पण खरं सांगायचं तर ती वही हरवली असती तर आमची जास्त पंचाईत झाली असती.

माझं योगदान म्हणजे मूग. दुसऱ्या आठवड्यात जेव्हा हिरवं असं काहीही उरलं नव्हतं, तेव्हा मी रोज संध्याकाळी मूठभर मूग भिजत घालून दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून टांगायची. त्या दमट हवेत मोड असे काही येतात की सांगलीच्या उन्हाळ्यातही येत नाहीत. जेम्स लिंड नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये खलाशांना संत्री-लिंबं देऊन स्कर्व्हीवर उपाय दाखवला होता. मोडांमध्येही क जीवनसत्त्व तयार होतं, कोरड्या मुगात ते नसल्यातच जमा असतं. ब्रिटनीच्या पोराला मी हे ऐकवलं, त्याला काही पडलेली नव्हती, त्याला ते कुरकुरीत लागतात म्हणून आवडायचे. कच्चेच खायचा, फडक्यातून चोरून. उसळीला मग अर्धेच उरायचे.

पाणी. टाकीत तीनशे लिटर, वर काही कॅन, आणि खारं पाणी गोडं करणारं मशीन नाही. म्हणजे प्यायला आणि स्वयंपाकाला गोडं, बाकी सगळं समुद्राचं. भांडी समुद्राच्या पाण्यात, शेवटी पेलाभर गोड्या पाण्यात बुचकळून. पास्त्याला दोन भाग गोडं आणि एक भाग समुद्राचं, मीठ वेगळं घालावं लागत नाही. अंघोळ म्हणजे मागच्या बाजूला बसून बादलीने समुद्र अंगावर ओतून घ्यायचा. साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेसच येत नाही, भांड्यांच्या लिक्विडला येतो, त्यामुळे आम्ही चौघं आणि पातेली एकाच बाटलीवर. मग अर्धा लिटर गोडं पाणी शेवटचं, ते केसांना पुरवायचं की अंगाला हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी निघायच्या आधी केस कापले होते, हा त्या अख्ख्या मोहिमेतला सर्वात दूरदृष्टीचा निर्णय. मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे एकदा खारं पाणी लागलेला कपडा कधीच वाळत नाही, दुपारी कडक होतो आणि रात्री पुन्हा ओलसर. उशी ओलसर, टॉवेल ओलसर, पासपोर्टसुद्धा ओलसर. याची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही.

रात्रीच्या पाळ्या तीन-तीन तासांच्या, एकेकट्याने. आठ ते अकरा, अकरा ते दोन, दोन ते पाच, पाच ते आठ. त्यामुळे दिवस असा अखंड मिळतच नाही, झोपही तुकड्यांत, आणि चौघं एकत्र फक्त संध्याकाळच्या जेवणाला भेटायचो, बाकी वेळ कोणीतरी झोपलेलं आणि कोणीतरी हळू बोला म्हणून खुणा करणारं. सुकाणू कोणी हातात धरून बसत नाही. मागे एक विंड-वेन असते, वाऱ्यात उभं एक पातं आणि पाण्यात बुडालेलं एक वल्ह्याएवढं पातं, वाऱ्याचा कोन बदलला की वरचं कलतं, खालचं वळतं, बोटीच्या वेगाचाच जोर घेऊन सुकाणू ओढतं. वीज नाही, पगार नाही, कुरबुर नाही. अटलांटिकची पहिली एकट्या खलाशांची शर्यत १९६० मध्ये झाली, त्या सुमाराला या यंत्राचं नशीब उघडलं, आणि मला विचाराल तर एकट्या माणसाने समुद्र पार करणं याच्यामुळे खूप सोपं झालं.

पाळीवरच्या माणसाचं काम म्हणजे जागं राहणं. दर पंधरा मिनिटांनी उभं राहून क्षितिजाचा पूर्ण गोल फेरा बघायचा, कारण मोठं जहाज अठरा-वीस नॉटने येतं आणि दिव्याचा ठिपका दिसल्यापासून अंगावर यायला त्याला फार वेळ लागत नाही. दर तासाला वहीत जागा, दिशा, वेग, वारा आणि बॅरोमीटर. बॅरोमीटरचं मला फार आवडलेलं. त्या पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा थोडासा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहाच्या आसपास वर, दुपारी चारला खाली, रात्री पुन्हा तेच, अगदी घड्याळ लावून. तो ताल चुकला तरच काळजी करायची. आमचा चुकला नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, केबिनच्या पायरीवरून वर यायच्या आधी हार्नेसचा पट्टा कॉकपिटमधल्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेतल्या, कडीला अडकवायचा आणि रात्री एकट्याने कॉकपिट सोडायचं नाही, दोर अडकला असो की आभाळ कोसळो, आधी कोणाला तरी उठवायचं. सहा नॉटवर बोट मिनिटाला सुमारे १८५ मीटर पुढे जाते. रात्री, लाटांमध्ये, पाण्यातलं माणसाचं डोकं एवढ्या अंतरावरून दिसत नाही. स्किपरने हे पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं, आवाज न चढवता, आणि पुन्हा सांगायची वेळ आली नाही.

दोन ते पाच ही पाळी कोणालाच नको असते, म्हणून मला ती बिनतक्रार मिळाली. मी तर म्हणेन की चार माणसं आणि साडेअकरा मीटर लांबीचं घर या हिशोबात एकांत मिळायची ती एकच जागा. संध्याकाळी मृग नक्षत्र बोटीच्या मागून उगवायचं आणि माझ्या पाळीत बरोब्बर बोटीच्या पुढच्या टोकासमोर मावळायला निघायचं. पट्ट्यातले तीन तारे आकाशाच्या विषुववृत्तालगतच आहेत, त्यामुळे ते जवळजवळ नेमके पूर्वेला उगवतात आणि नेमके पश्चिमेला मावळतात, होकायंत्राचा लाल दिवा बंद करून नुसतं त्यांच्याकडे बघत राहिलं तरी चालायचं. मागे व्याध लखलखत. उजव्या हाताला ध्रुव, क्षितिजाच्या वर जेमतेम वीतभर. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश. रॉटरडॅमला तो ५२ अंशांवर असतो, मान वर करून शोधावा लागतो. इथे सोळा-सतरा. आणि तेव्हा लक्षात आलं की हे आकाश ओळखीचं का वाटतंय, मिंडेलो आणि सांगली जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, रत्नागिरीसुद्धा, सगळी सतराच्या आसपास. गच्चीवर झोपायचो तेव्हा ध्रुव याच उंचीवर होता.

आमच्याकडे सॅटेलाइटवरून छोटे मेसेज पाठवायचं एक खेळण्याएवढं यंत्र होतं, एका मेसेजला १६० अक्षरं. आईला कळवलं, आज तुझ्याच रेषेवर आहे, नकाशात सांगलीवरून बोट आडवं सरकव. तिचं उत्तर आलं, "मग उलट्या दिशेला का चाललीयस? जेवलीस का?" जेवलीस का हे प्रत्येक मेसेजला असायचंच, १६० मधली तेवढी अक्षरं राखीव. स्किपरने एकदा विचारलं तुझी आई काय लिहिते रोज, म्हटलं मेनू विचारते. तर म्हणाला माझी असती तर तिनेही तेच विचारलं असतं.

जहाजं फार दिसत नाहीत, चार-चार दिवस क्षितिज कोरं. एका रात्री तीनच्या सुमाराला स्क्रीनवर एक मालवाहू जहाज आलं, पुढच्या पाऊण तासात आमच्यापासून मैलाच्या आत येणारं. रेडिओवर हाक मारली, आम्ही शिडाची बोट आहोत, दिसतोय का. पलीकडून अगदी आपला इंग्लिश उच्चार. रात्री बारा ते चारची पाळी जहाजावर सेकंड ऑफिसरची असते, हा चेन्नईचा निघाला. त्याने दिशा थोडी बदलली, आणि मग माझ्या उच्चारावरून त्यालाही काहीतरी लागलं असणार, कारण थोडं थांबून हिंदीत म्हणाला, "मॅडम, आप वहाँ क्या कर रहे हो?" या प्रश्नाचं माझ्याकडे काही धड उत्तर नव्हतं. मी म्हटलं बार्बाडोसला चाललोय. तो म्हणाला, विमानं जातात की. मग त्याने विचारलं जेवायला काय होतं, मी म्हटलं खिचडी, तो म्हणाला आमच्याकडे पण आज तेच, पापड आहे का? पापड नव्हता. दोन मिनिटांचं बोलणं असेल, मग त्याचे दिवे दक्षिणेला गेले.

त्या पाळ्यांमध्ये एकट्याने जाणाऱ्या लोकांचा विचार बऱ्याचदा यायचा. मला तीन तास जागायचं आहे आणि मग उठवायला कोणीतरी आहे, त्यांना कोण. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची बोट 'सुहेली' आपल्या मुंबईतच बांधली होती, सागवानी, ३२ फुटी, म्हणजे आमच्या बोटीहूनही छोटी, आणि तिच्यातून त्याने १९६८-६९ मध्ये एकट्याने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, जगात पहिली. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली, तिच्यावरून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार मुक्काम करत एकटे जग फिरून आले, आणि मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता. नौदलाच्याच 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये नौदलातल्या सहा जणी गेल्या, आणि २०२४-२५ मध्ये त्याच बोटीवरून दोघीच, दिलना आणि रूपा. यांच्याबद्दल बोलताना आपण पन्नास फुटी लाटा आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न याच्यावर येतो. मला मात्र आता कुतूहल हे की कपडे कुठे वाळवले, डोळा कधी लागला, पाय ठणकत असताना रोज उठून चूल कोणी पेटवली. एकटा माणूस वीस-वीस मिनिटांचा अलार्म लावून झोपतो, आणि उठल्यावर जेवण वाढायला समोर कोणी नसतं. केप हॉर्न दोन दिवसांत मागे पडत असेल. भांडी रोज असतात.

सकाळची पहिली फेरी म्हणजे डेक झाडायचा. रात्री उडते मासे येऊन पडलेले असतात, बोटाएवढे ते वीतभर, त्यांचे खवले सगळीकडे चिकटतात आणि ऊन चढलं की वास सुटतो. मोठे असतील तर तळायचे, छोटे परत पाण्यात. मग दोरांची तपासणी. एकच दोर एकाच जागी आठवडाभर रात्रंदिवस घासत राहिला तर तो तुटतो, कितीही जाड असू दे, म्हणून रोज प्रत्येक दोर थोडा-थोडा सोडून घासणारी जागा बदलायची, जिथे जमेल तिथे जुन्या कापडाची चिंधी गुंडाळायची. एका सकाळी मला माशांच्या खवल्यांमध्ये एक छोटी वाकडी कॉटर पिन सापडली, नखाएवढी, स्टीलची, एक पाय तुटलेला. स्किपरच्या हातावर ठेवली तर त्याचा चेहराच बदलला. पिन पडली म्हणजे कुठूनतरी निघाली, आणि ती जिथे होती तिथे आता एखादा बोल्ट नुसता देवाच्या भरवशावर उभा आहे. अर्धा दिवस आम्ही चौघं त्या बोटीचा प्रत्येक सांधा हाताने चाचपत होतो, स्किपर वर डोलकाठीवर दुर्बीण लावून, पोरगा पुढे आडवा पडून, मी आणि स्किपरची बायको रेलिंगपाशी. शेवटी सापडलं, शिडाची आडवी काठी डोलकाठीला जिथे जोडलेली असते तिथला मोठा खिळा, बोटभर वर सरकलेला. नवी पिन घालून दोन्ही पाय वाकवायला दोन मिनिटं लागली. तो खिळा भर वाऱ्यात निसटला असता तर ती काठी सुटून कोणाच्या डोक्याला लागली असती याची चर्चा कोणी केली नाही, स्किपरच्या बायकोने वहीत लिहिलं 'कॉटर पिन, १ वापरली', आणि जेवायला बसलो.

पावसाळी ढगांच्या झडी यायच्या, बहुतेक रात्रीच. मागून एक काळा ठोकळा तारे खात येतो, रडारवर त्याचा डाग दिसतो, वारा अठरावरून पाच मिनिटांत पस्तीसवर, मुसळधार, आणि मग झड पुढे गेली की वारा एकदम गायब, शिडं फडफडतायत आणि बोट जागच्या जागी नुसती लोळतेय. झडीपेक्षा ते नंतरचं जास्त छळतं. ढग दिसला की शीड आधीच कमी करायचं, थांबून बघू म्हणायचं नाही. पावसाचा एक फायदा, अंघोळ. रात्री दोनला डोक्याला भांड्यांचं लिक्विड लावून उभं राहायचं आणि प्रार्थना करायची की फेस धुऊन होईपर्यंत ढग संपू नये.

आणि माणसं. लोकांना वाटतं एवढ्या जवळ राहिलं की मोठी भांडणं होतात. मोठी होत नाहीत, त्याला जागाच नसते. चमच्यावरून होतात. पोरगा कपात साखर ढवळताना चमचा पंधरा वेळा आपटायचा, टिंग टिंग टिंग, आणि दहाव्या दिवसाच्या सुमाराला मला तो चमचा समुद्रात फेकून द्यावासा वाटायला लागला. मी गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं, ते स्किपरने अतिशय सभ्यपणे सांगितलं, म्हणजे त्यानेही बरेच दिवस सहन केलं असणार. यावर उपाय म्हणजे रोज सकाळी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं आणि दुसऱ्याचा कप आपण धुवायचा. हे मला खोटं वाटायचं, पण काम करतं.

बार्बाडोस सपाट आहे, सगळ्यात उंच टेकडी साडेतीनशे मीटरच्या आत, त्यामुळे ते लांबून डोंगरासारखं उभं राहत नाही. आधी रात्री ढगांच्या खालच्या बाजूला पिवळट उजेड दिसला, मग पहाटे रेषा, मग एकदम घरं, गाड्या, फोनला रेंज आणि साठलेले सगळे व्हॉट्सॅप एकदम. पश्चिमेच्या शांत बाजूला वळलो आणि बोट डोलायची थांबली. मिंडेलोपासून पहिल्यांदाच. स्किपरच्या बायकोने टेबलावर ग्लास ठेवला आणि चौघंही त्या ग्लासकडे बघत बसलो, तर तो जागेवरच. परक्या बंदरात प्रवेशाची परवानगी मागायचा पिवळा झेंडा वर, कस्टम्स, इमिग्रेशन, आरोग्य खात्याचा फॉर्म, गेल्या तीस दिवसांत बोटीवर उंदीर मेले का असा एक प्रश्न. नाही, केळी.

संध्याकाळी किनाऱ्यावर जेवायला गेलो, जमीन पायाखाली उगाचच हलत होती. तिथलं राष्ट्रीय पक्वान्न म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेलं कूकू आणि त्याच्यावर उडता मासा. आम्ही ज्याला रोज सकाळी ब्रशने डेकवरून ढकलत होतो त्याला इथे लिंबू-मसाला लावून, वाफवून, वर कोथिंबिरीसारखं काहीतरी घालून ताटात, आणि किंमत बघून पोरगा म्हणाला आपण मिंडेलोपासून निदान दोनशे डॉलर समुद्रात फेकले. मासा सुंदर होता. भेंडी मात्र माझ्या आईने केली असती तर इतकी तार सुटली नसती, हे मी तिला रात्री फोनवर सांगितलं, त्यावर तिने मला सविस्तर सांगितलं की भेंडी चिरायच्या आधी पुसून घ्यायची असते आणि चिंच घालायची असते, आणि तुम्ही लोक सगळं ऐकून घेता पण करत नाही. फोन पाऊण तास चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्किपरने यादी काढली, इंजिनचं ऑइल, दोन दोर बदलणं, टॉयलेटचा पंप उघडणं, आणि सगळ्यात वर, अधोरेखित, कपडे.